चारच्या ठोक्याला

२ फेब्रुवारी, सोमवार

मनात घोळवत बसण्यापेक्षा लिहून टाक, असं मैत्रीण म्हणाली. म्हणून ही वही. माझ्याइतकी घाबरट बाई इस्पितळाचा सर्व्हर सांभाळते, हे कुणाला सांगितलं तर थट्टा वाटेल. मलाही अधूनमधून तसंच वाटतं.

काम तसं सरळ आहे. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्यांची शीतकपाटं आहेत. प्रत्येक कपाट आपलं तापमान माझ्या सर्व्हरला कळवत असतं आणि सर्व्हर ते एका फाइलीत लिहून ठेवतो. तिला लॉग म्हणायचं. तापमान चढलं की रक्तपेढीत भोंगा वाजतो. लॉग दिवसभर फुगत जातो, तो वेळेवर आवरला नाही तर डिस्क भरते. डिस्क भरली की लिहायला जागा उरत नाही आणि तापमान बघणारा प्रोग्राम गप्प होतो. मग कपाट तापलं तरी भोंगा वाजणार नाही आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जाईल. हे एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत असतं.

हे सगळं बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभं केलं. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेला गृहस्थ दुसरीकडे गेला आणि नोंदणी विभागातून मला उचलून या खुर्चीत बसवलं. ‘सासऱ्यांची विद्या घरातच आहे,’ असं मोठे साहेब म्हणाले. विद्या कसली, घरात आता बाबांना चष्मा सापडत नाही.

पण त्यांनी लिहिलेल्या सूचना आहेत. सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची एक यादी असते, आणि यादीतल्या प्रत्येक कामाच्या वर बाबांनी एकेक ओळ लिहून ठेवली आहे. ती ओळ यंत्र वाचत नाही, ती आपल्यासाठी. ‘हे काम बंद करू नये. केल्यास शुक्रवारी रडाल.’ ‘ही वेळ का, असे विचारू नये. अनुभव आहे.’ वाचलं की जरा धीर येतो. आज मी त्या यादीत माझं पहिलं काम घातलं. रोज सकाळी सहाला आदल्या दिवसाचा लॉग बांधून बाजूला ठेवायचा आणि महिन्यापूर्वीचे पुसायचे. वर ओळ लिहिली, ‘हे मी घातले आहे. चुकले असल्यास सांगावे.’ कोण सांगणार आहे?

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज जेवून खुर्चीत आले आणि लॉग उघडला, तर सकाळचं काहीच नाही. दुपारनंतरच्याच नोंदी. पहिला संशय माझ्या स्वतःच्या कामावर. तीन वेळा तपासलं. ते सकाळी सहाला चाललं होतं आणि शहाण्यासारखं गप्प बसलं होतं.

मग अर्धा दिवस गेला कुठे? तपासणीला कुणी आलं आणि ‘सकाळची तापमानं दाखवा’ म्हणालं तर मी काय, माझं कपाळ दाखवू?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा तेच. सर्व्हरवर कोण कधी आत आलं याची वेगळी नोंद असते. ती आज उघडली. ‘देखभाल’ नावाचं एक सामाईक खातं आहे, बाबांच्या काळापासून चालत आलेलं. त्या खात्यावरून दुपारी कुणीतरी आत येतं, लॉग पुसतं, निघून जातं. काल अडीचच्या सुमाराला, परवा तीन वाजून गेल्यावर, सोमवारी दोनच्याही आधी.

म्हणजे हे आपोआप होणारं काम नाही. आपोआपचं काम ठोक्याला होतं, सेकंदही इकडचा तिकडे होत नाही. वेळ मागेपुढे होते ती माणसाची. यंत्र बिघडलं असतं तर बरं झालं असतं. आत कुणीतरी माणूस आहे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, कुणाला पडलंय तुमच्या शीतकपाटाचं?” बाबा जेवता जेवता थांबले. म्हणाले, “डिस्क भरू द्यायची नाही. बाकी काही नाही.” इतकं नेमकं बोलले की आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, “आई जेवली का?” सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली.

८ फेब्रुवारी, रविवार

नणंदेचा फोन आला होता. बाबांना दिवसभर एकटं ठेवणं बरोबर नाही, तिच्या ओळखीची एक वृद्धांची चांगली संस्था आहे, वगैरे. नवरा म्हणाला, “अजून तसं काही नाही. जेवण गरम करून घेतात, दुपारी लॅपटॉपवर पत्ते खेळतात, झोपतात. ज्या दिवशी एकटं ठेवता येणार नाही त्या दिवशी बघू.” फोन ठेवल्यावर मात्र तो कितीतरी वेळ गॅलरीत उभा होता.

बाबा गेले तर या घरात मला समजून घेणारं कोण उरेल, हा माझा पहिला विचार. स्वार्थीच आहे मी. लग्न होऊन आले तेव्हा संगणक मला त्यांनीच शिकवला. चुकलं की म्हणायचे, “यंत्र रागावत नाही, सूनबाई. तू कशाला घाबरतेस?”

९ फेब्रुवारी, सोमवार

आज तोंडचं पाणी पळालं. तो माणूस जिथून आत येतो त्या जोडणीचा पत्ता शोधला. तो आमच्या घराचा आहे. सुट्टीच्या दिवशी मी घरूनच सर्व्हर बघते, त्यामुळे हा पत्ता मला पाठ आहे.

म्हणजे आमच्या घरची जोडणी कुणीतरी चोरून वापरतंय. वरच्या मजल्यावरचा तो दाढीवाला? तो जिन्यात नेहमी फोन घेऊन उभा असतो. की समोरच्या इमारतीतलं कुणी? घरी आल्या आल्या वायफायचा पासवर्ड बदलला. जिन्यात दाढीवाला भेटला, “काय ताई, दमलात?” म्हणाला. मी उत्तरच दिलं नाही.

बाबांचे पत्ते बंद पडले म्हणून ते हिरमुसले होते. नवा पासवर्ड मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून त्यांच्या लॅपटॉपला चिकटवून दिला. आता बघते कोण येतंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तो आज पुन्हा आला. नव्या पासवर्डनंतरही. मला रडूच फुटलं, प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आले. ‘देखभाल’ खातं तडकाफडकी बंद करावं, तर बाबांनी लावलेली निम्मी कामं त्याच खात्यावर चालतात. खातं बंद झालं की तीही मुकाट बंद पडतील, आणि कोणती पडली ते मला कळणारही नाही. चोराला बाहेर काढायला जावं आणि घराचा खांबच काढला जावा, तसं व्हायचं. आधी एकेक काम दुसऱ्या खात्यावर न्यायला हवं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जमेल तसं लिहिते.

सकाळी डिस्क काठोकाठ भरलेली दिसली. फायली मोजल्या तर सगळ्या मिळून डिस्कचा चौथा हिस्साही नाही. जागा खाल्लेली आहे, पण खाणारा दिसत नाही. मी वेड्यासारखी कप्प्यामागून कप्पे उघडत बसले. तेवढ्यात रक्तपेढीतल्या ताईचा फोन. ती तिथली तंत्रज्ञ. एरवी थट्टेशिवाय बोलत नाही. आज तिचा आवाज चिरकला होता. “अगं, तिसऱ्या कपाटाचं दार नीट लागलं नव्हतं. मी सहज हात लावला तर आत कोमट! तुझा भोंगा मेला का?”

धावत गेले. भोंगा गप्प होता. डिस्क भरल्यामुळे प्रोग्राम पहाटेच थांबला होता. त्या कपाटातल्या सगळ्या पिशव्या बाद झाल्या. ताई त्या एकेक करून बाजूला ठेवत होती आणि मी दाराला धरून उभी होते. “यातली एक आत्ता वर शस्त्रक्रियेला जायची होती. देवाची कृपा म्हणून मी हात लावला,” ती म्हणाली.

ती पिशवी कुणाला लागणार होती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

जागा कोणी खाल्ली ते दुपारी सापडलं. प्रोग्राम एखादी फाइल उघडून धरून लिहीत असताना ती कुणी पुसली, तर फाइलीचं नाव जातं पण जागा सुटत नाही. आमचा प्रोग्राम पुढच्या नोंदींसाठी नवी फाइल उघडतो, पण ती दिसेनाशी फाइलही धरूनच ठेवतो. चालू लॉग कधी पुसायचा नसतो, फक्त आतून रिकामा करायचा असतो. ही या कामातली पहिली शिकवण, आणि मला ती बाबांनी दिली होती. हा चोर मेहनती आहे, पण त्याला एवढंही ठाऊक नाही. किंवा ठाऊक असून मुद्दाम करतोय. कोणती गोष्ट जास्त भयंकर, मला ठरवता येत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे नोंदींचे कागद होते. “मॅडम, हे सगळं तुमच्याच घरून झालंय.”

“कुणीतरी आमची जोडणी वापरतंय, साहेब. सोमवारी वायफायचा पासवर्डही बदलला मी.”

“पासवर्ड बदलल्यावरही?”

ते वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “सोमवारपर्यंत मला कोण ते सांगा. नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल. आणि कागदावर नाव तुमचं आहे.”

उद्या दुपारी रजा टाकून घरी बसणार. चोराला आमच्या जोडणीवर चढताना तिथल्या तिथे पकडते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “मीही थांबू का?” नको म्हटलं. का नको म्हटलं, माझं मलाच कळलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणं झाल्यावर मी बैठकीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. सर्व्हरवर कोण आहे ते दाखवणारा पडदा समोर उघडा. घरात चिटपाखरू नाही. बाबा त्यांच्या खोलीत.

पडद्यावर ‘देखभाल’ उमटलं. आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीतून कळा दाबल्याचा आवाज आला. टक, टक. मग थांबून पुन्हा टक.

मी कितीतरी वेळ उठलेच नाही. बसल्या जागी दोन्ही बघत होते, पडद्यावरची अक्षरं आणि तो आवाज. अक्षर उमटायचं तेव्हाच आवाज यायचा. शेवटी भिंतीला धरून दारापर्यंत गेले.

बाबा चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लावून दोन बोटांनी टंकत होते. माझी चिठ्ठी बाजूला चिकटलेली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, “थांब जरा. डिस्क भरत आलीय. आता कुणी आवरतच नाही तिथे.”

“बाबा, आता तिथे दुसरं कुणी बघतं ना?”

“आहे एक नवीन बाई. भली आहे. पण घाबरते फार.” त्यांनी कळ दाबली, लॉग पुसला गेला, आणि ते समाधानाने मागे टेकले. “शिकेल हळूहळू. तोवर आपण बघायचं.”

त्यांच्या पायाशी बसून मी खूप रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी कोण, हे त्या वेळी त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना खरं सांगितलं. बाबांनी त्यांनाही कधीकाळी पहिला संगणक लावून दिला होता म्हणे. पोलिसांचं टळलं. मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. सगळी कामं दुसऱ्या खात्यावर नेऊन ‘देखभाल’ कायमचं बंद केलं. शेवटची कळ दाबताना मीच त्यांना घराबाहेर काढतेय असं वाटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा सैरभैर झालेत. आत जाता येत नाही म्हणून दुपारभर लॅपटॉपशी झगडतात. आज शेजारच्या काकूंनी त्यांना जिन्यात अडवलं. बूट घालून निघाले होते, ड्यूटीला. गॅसची कळ चालू होती. काकूंचं लक्ष गेलं नसतं तर? या ‘तर’च्या पुढे मला लिहिता येत नाही.

नवरा म्हणाला, “माझ्या ताईला फोन करतो. त्या संस्थेत जागा आहे का विचारतो.” मी म्हटलं, मला थोडे दिवस दे. “कशासाठी?” म्हणाला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सुचलं. माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, पुसला, चालू केला. त्यावर खोटी शीतकपाटं उभी केली. एक प्रोग्राम दिवसभर मनानेच तापमानं लिहितो आणि लॉग फुगत जातो. त्या यंत्रावर बाबांच्या नावाचं खातं उघडलं आणि लॅपटॉप त्याला जोडून दिला. तिथे पुसापुशी झाली तरी कुणाचं वाकडं होणार नाही. आणि रोज कुणीतरी आवरल्याशिवाय तो लॉग आवरणार नाही.

बाबांना म्हटलं, “साहेबांनी नवीन सर्व्हर तुमच्याकडे दिलाय. सांभाळाल का?”

त्यांनी चष्मा नाकावर घेतला. “डिस्क केवढी आहे?” तासभर हे उघड, ते उघड चालू होतं. मग हसून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरा बांधलायस.” साहेबांनी बांधलाय, बाबा, असं मी सांगणार होते, पण म्हटलं जाऊ दे.

नवऱ्याशी ठरलं. गॅसची मुख्य कळ निघताना बंद करायची, काकू दुपारी डोकावणार, आणि जोवर बाबा हे रोजचं काम न चुकता करतात तोवर संस्थेचं नाव काढायचं नाही. ज्या दिवशी लॉग तसाच राहील, त्या दिवशी फोन.

२ मार्च, सोमवार

एक दिवसही चुकला नाही! संध्याकाळी आल्यावर मी आधी पर्स ठेवते, मग गुपचूप ते यंत्र बघते. लॉग आवरलेला. आणि पुसलेला नाही, आतून रिकामा केलेला, अगदी रीतसर, त्यांनी शिकवलं होतं तसा. पहिल्या दिवशी साडेतीनला केला होता, तेव्हापासून रोज चारला. ठोक्याला. घड्याळ लावून बसतात जणू. जीव भांड्यात पडला.

नवरा रोज विचारतो, “आज केलं का बाबांनी?” मी ऐटीत सांगते, “केलं!”

९ मार्च, सोमवार

आज सकाळी बाबांनी मला विचारलं, “तुम्ही कुणाकडे आलात?” मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. दुपारी काकू डोकावल्या तेव्हा ते लॅपटॉप उघडून नुसते बघत बसले होते म्हणे, कळांना हातही लावत नव्हते. पण संध्याकाळी पाहिलं, चारला लॉग आवरलेला. चहाचं काय, झोपेतून उठल्यावर कुणीही गोंधळतं. ज्याला इतकं काटेकोर काम जमतं तो माणूस हरवलेला नाही. मी नवऱ्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, “तू म्हणतेस तर तसं असेल.”

विचारलं, “बाबा, आज केलंत का?” लगेच म्हणाले, “केलं.” रोज तेच, त्याच आवाजात.

१८ मार्च, बुधवार

आज बाबांना डॉक्टरांकडे नेलं होतं. आमचा नंबर चारला लागला. आत डॉक्टर त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगत होते. बाबांनी गोल काढला आणि थांबले. आकडे कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. पेन्सिल धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पाच मिनिटं.

म्हणजे आज लॉग राहणार. घरी येईपर्यंत एकच धास्ती, आता नवऱ्याला काय सांगू?

यंत्र उघडलं. लॉग आवरलेला होता. चारच्या ठोक्याला.

एकदम सगळं कळलं आणि कळल्यावर भीती वाटली. ठोक्याला होतं ते आपोआपचं काम, ही जी गोष्ट मी फेब्रुवारीत या वहीत स्वतःच्या हाताने लिहिली होती, ती मला इतके दिवस दिसली नव्हती, की मला बघायची नव्हती?

बाबांच्या खात्यावरची आपोआप होणाऱ्या कामांची यादी उघडली. त्यात एकच काम होतं, रोज दुपारी चारला लॉग रिकामा करण्याचं. २३ फेब्रुवारीला घातलेलं. म्हणजे त्यांनी हाताने काम केलं ते त्या एकाच दिवशी, आणि त्याच दिवशी पुढची सोय करून ठेवली. कामाच्या वर, नेहमीसारखी, यंत्र वाचत नाही ती ओळ होती.

‘हे काम आता आपोआप होते. हाताने करू नये, चूक होईल. सूनबाईने विचारले तर “केले” म्हणावे. ती घाबरते.’

त्या खात्यावर रोज काय काय केलं गेलं तेही पाहिलं. रोज दुपारी एकच गोष्ट केलेली होती. कधी अडीचला, कधी तीननंतर. त्यांनी ही यादी उघडली होती, वाचली होती आणि बंद केली होती. मला काय सांगायचं ते ते रोज वाचत होते.

मी त्या ओळीला हात लावला नाही. डोळे पुसून स्वयंपाकघरात गेले. बाबा खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. उद्यापासून सकाळची पाळी मागायची, दुपारी दोनपर्यंत घरी यायचं, हे तिथे उभ्या उभ्या ठरवलं. पुरेल का, माहीत नाही. किती दिवस पुरेल, तेही माहीत नाही.

“बाबा, आज केलंत का?” मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. आज ते वाचायचं राहिलं होतं. ओठ हलले, पण शब्द सापडेना, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आली ती भीती माझ्या ओळखीची होती.

तेवढ्यात नवरा आत आला. पिशवी टेबलावर ठेवत त्याने मला विचारलं, “काय गं, आज केलं का बाबांनी?”

मी म्हटलं, “केलं.”